बिननावाची पुडी

चांद्र नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात, आणि लाई डॉक्टरांच्या घरी त्या दिवशी दोन पिढ्यांच्या लेकी येत. एक डॉक्टरांची थोरली बहीण आकिम, दुसरी त्यांची मुलगी बीकुन. सून मात्र सकाळीच पोरांना घेऊन आपल्या माहेरी पळाली होती. रीतीप्रमाणे कोकतोंगनंही बायकोबरोबर सासुरवाडीला जायला हवं होतं, पण डॉक्टरांनी लेकाला फर्मान सोडलं होतं, "तू थांब. बीकुनशी बोलायचंय. आपण दोघं असलो म्हणजे ती ऐकेल."

'ऐकणारी असती तर एकट्याचंही ऐकलं असतं,' मुळ्याच्या वड्या तव्यावर उलटता उलटता ग्योकलान मनाशी म्हणाली. बोलून दाखवलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला मनातल्या मनात पुष्कळ सुनावलं होतं. तेवढी रोजची दोन-चार वाक्यं तिला पुरायची.

घराचा पुढचा भाग म्हणजे दवाखाना. पेशंट बसायची खोली, तिच्या भिंतीत औषधाची खिडकी, आणि खिडकीच्या आत ग्योकलानची खुर्ची. आता त्या खिडकीवर लाल कागद चिकटवलेला होता. दरवर्षी वर्षाच्या शेवटच्या दिवशी डॉक्टर तो स्वतः चिकटवत आणि पाचव्या दिवशी फटाके लावून फाडत. मधल्या दिवसांत लामपो गावात कोणी औषधाचं नाव काढत नसे. सणात औषध पोटात गेलं की वर्षभर दुखणं पाठ सोडत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही शास्त्र शिकलेली माणसं, असं उठता बसता सांगणारे डॉक्टरही लाल कागदाची कड नखानं दाबून पक्की झाली की नाही ते पाहत.

या वर्षी मात्र कागद चिकटवताना त्यांचा चेहरा पडला होता. मोठ्या शहरांत लागू झालेला नियम आता त्यांच्या जिल्ह्यात येऊन ठेपला होता. डॉक्टरनं तपासायचं आणि चिठ्ठी लिहायची. औषध द्यायचं ते फार्मासिस्टनं. एक तर चिठ्ठी हातात देऊन पेशंटला दुकानात पाठवा, नाहीतर आपल्या खिडकीत परवानावाला फार्मासिस्ट बसवा. डॉक्टरच्या बायकोनं पुड्या बांधायच्या नाहीत. आणि दिलेल्या प्रत्येक औषधावर त्याचं नाव हवं.

लाई डॉक्टरांच्या पुडीवर कधीच नाव नव्हतं. गोळ्या खलात कुटायच्या, भुकटीचे सारखे भाग करायचे, पांढऱ्या कागदात पाचकोनी घड्या घालायच्या, संपलं. सर्दी असो, अंगदुखी असो, एका पुडीत माणूस उभा राहायचा. त्यासाठी लोक तीन गावं ओलांडून यायचे.

बीकुन आली ती थेट स्वयंपाकघरात. नवऱ्याला आणि मुलाला तिनं देवळापाशी फटाके उडवायला पाठवून दिलं होतं. ती ताइनान शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती, आणि बोलताना हातातली पिशवी खाली ठेवायची तिला सवय नव्हती.

"आई, आधीच सांगते, बाबांनी परवान्याचा विषय काढला तर मी उठून जाईन."

"सणाचं असं बोलू नये गं."

"आणि सणाचं पोरीला जेवायला बोलावून तिचा परवाना मागावा, हे चालतं?"

"मागतायत कुठं? भिंतीवर टांगायचा एवढंच. तुझी नोकरी तुझ्यापाशी. खिडकीत मी आहेच की."

"अगं, तू असू नयेस म्हणूनच तर नियम केलाय!" बीकुन म्हणाली, आणि आईचं तोंड पाहून जरा वरमली. "तुला दुखवायला नाही बोलत. पण माझं नाव भिंतीवर लागलं की त्या खिडकीतून जाणारी प्रत्येक पुडी माझी. काही बिघडलं तर मला विचारणार. आणि मला माहीतसुद्धा नाही तिच्यात काय आहे."

"इतकी वर्षं काय बिघडलंय?"

बीकुननं एकदम आवाज खाली आणला. "आत्याच्या पुडीत काय असतं गं, आई?"

ग्योकलाननं वडी उलटली. ती आधीच उलटून झाली होती.

"गुडघ्याचं औषध."

"म्हणजे कुठलं?"

"मला मेलीला काय कळतंय? ते लिहितात, मी कुटते."

हे निम्मं खरं होतं. बरणीवरची इंग्रजी अक्षरं तिला लागत नव्हती, पण वरच्या फळीवरची तपकिरी बाटली तिला चांगली माहीत होती. आकिमची पुडी सुरू झाली तेव्हा तिनं नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, ही बारकी गोळी रोजच्या रोज घालायची? दम्यावाल्यांना तर तुम्ही मोजून चार दिवस देता." डॉक्टरांनी वर न बघता सांगितलं होतं, "चिमूटभर असते. तिला उठता बसता आलं पाहिजे. आणि हे कुणापुढं बोलायचं नाही. कोकतोंगपुढंही नाही." मग हळूहळू ती बारकी गोळी आणखी काही जणांच्या पुडीत गेली. ग्योकलाननं पुन्हा विचारलं नाही.

"तिचं तोंड बघितलंस का?" बीकुन म्हणत होती. "गोल गरगरीत झालंय. हात पाय मात्र काड्या. हिवाळ्यात मी गेले होते तेव्हाच मला खटकलं."

"खाऊन पिऊन सुखी आहे म्हणून."

"आई!"

तेवढ्यात बाहेर टॅक्सीचं दार आपटलं आणि विषय तिथंच राहिला. ग्योकलानला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

आकिम दारातून आली ती भिंतीला हात लावत. अंगावर नवा लाल स्वेटर, केसांत फूल, आणि एरवी दारातूनच घर दणाणून सोडणारा आवाज आज बसलेला. डॉक्टर पुढे झाले. सत्तरी गाठलेला हा माणूस बहिणीपुढे अजून शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. आई लवकर गेली, तेव्हा याच बहिणीनं त्यांना पाठीवर बांधून वाढवलं. पुढे अननसाच्या कारखान्यात ओल्या फरशीवर उभं राहून फोडी डब्यात भरल्या आणि भावाला डॉक्टर केलं. गुडघे गेले ते त्या फरशीवर.

"ताई, दमलीस का गं?"

"दमतेय कशानं, बुनहान? गाडीत बसून तर आले. रस्त्यात ही गर्दी! सगळ्या जगाच्या लेकी आजच निघाल्यात."

सगळे हसले. ती हसता हसता खुर्चीत टेकली आणि डोळे मिटून बसली.

थोड्या वेळानं ती पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आली. दोन घोट प्यायली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"वन्सं, बरं नाही का वाटत?"

"श्श! सणाचं काय विचारतेस?" मग तिनं दाराकडे पाहिलं. "जरा पोट बिघडलंय कालपासून. होईल बरं. पण ग्योकलान, एक सांगते, बुनहानला बोलायचं नाही. शपथ घे."

"बोला तर."

"पुड्या बंद केल्यात मी. सणाआधी घर झाडलं ना, तेव्हा केराबरोबर टाकून दिल्या."

ग्योकलान बघतच राहिली. "अहो, का?"

"बीकुन म्हणाली होती, आत्या, ज्यावर नाव नाही ते पोटात घालू नये. आणि टीव्हीवर पण रोज तेच दाखवतात. म्हटलं, आपल्या पायी भावाच्या मागं चौकशी लागायला नको. शिवाय सणात घेतलं की वर्षभर चिकटणार. जुन्या वर्षाबरोबर जाऊ दे एकदाचं." तिनं ग्योकलानचा हात दाबला. तिचा हात गार होता. "गुडघे बोंबलतायत, पण सोसेन. त्याला मात्र कळू देऊ नकोस. म्हणेल, बहिणीचाच विश्वास उडाला."

"बरं," ग्योकलान म्हणाली. तिला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. औषध घेतल्यानं काही होऊ शकतं हे तिला ठाऊक होतं. सोडल्यानं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर डॉक्टरांनी मासा बीकुनच्या ताटलीत वाढला तेव्हाच ग्योकलाननं ओळखलं की आता सुरू होणार.

"तुझा परवाना," डॉक्टर म्हणाले, "फ्रेम करून आणला असतास तर बरं झालं असतं. काच मी इथं बसवून घेतली असती."

"मी तो देणार नाही, बाबा."

"दे म्हणत नाही. टांग म्हणतो."

"टांगायचा आणि मी ताइनानला बसायचं. खिडकीत आई."

"बीकुन, अगं सगळे तेच करतायत," कोकतोंग मध्ये पडला. एका वर्षापूर्वी तो वडिलांच्या दवाखान्यात आला होता आणि अजून त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर पेशंट तपासत होता. "स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी पुतण्याचा परवाना लावलाय. पुतण्या लष्करात आहे!"

"मग तू का नाही पेशंटच्या हातात चिठ्ठी देत, दादा? इथून दोन गल्ल्यांवर औषधाचं दुकान आहे."

कोकतोंगनं वडिलांकडे पाहिलं. "मी म्हटलं होतं तसं. माझ्या पेशंटना तरी."

"तुझे पेशंट!" डॉक्टरांच्या जेवायच्या काड्या ताटलीवर आपटल्या. "तुझे पेशंट माझ्या दारातून आत येतात. चिठ्ठी द्यायची, मग तो दुकानदार बसणार वाचत, हे कशाला, ते कशाला. चार लोकांत माझ्या औषधाचा पंचनामा! पेशंट माझ्याकडे येतो तो माझ्यावर भरवसा ठेवून. कागद वाचायला नाही येत."

"भरवसा आहे तर नाव लिहायला काय हरकत आहे?" बीकुन म्हणाली. "मी येते ना, बाबा. खरंच येते. नोकरी सोडून तुमच्या खिडकीत बसते. फक्त प्रत्येक पुडीत काय आहे ते मला सांगा, आणि मी ते वर लिहीन."

लेक परत येते म्हणतेय, आणि ती येऊ नये असं आपल्याला वाटतंय, हे ग्योकलानला उमगलं. बीकुन आत आली तर ही खुर्ची गेली. आणि तपकिरी बाटली तिच्या हातात पडली तर आणखी बरंच काही गेलं.

"मुलीनं बापाचा हिशेब तपासायचा," डॉक्टर सावकाश म्हणाले. "यासाठी शिकवलं तुला."

"बाबा, तिचं म्हणणं अगदीच चूक नाहीये," कोकतोंग पुटपुटला.

"तू पण?"

"बुनहान," आकिमनं भावाला हाक मारली. "सणाचं नका रे भांडू..."

वाक्य पुरं झालं नाही. तिनं टेबलाची कड धरली, वाकली आणि ओकली. बीकुननं सावरेपर्यंत ती खुर्चीतून घसरून जमिनीवर बसली होती. गोल चेहरा राखेसारखा पडला होता आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"आत्या! आत्या, इकडे बघ!" कोकतोंगनं तिचं मनगट धरलं. "नाडी लागत नाहीये नीट. बीकुन, पाय वर कर तिचे. बाबा, बीपीचं यंत्र!"

तिला पेशंटच्या बाकावर उचलून नेलं. कोकतोंगनं बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि आकडा न सांगता सलाईन शोधायला वळला. बीकुन फोनवर ओरडत होती. मग रिसीव्हर ठेवून म्हणाली, "अँब्युलन्स निघालीय, पण हायवे तुंबलाय. कधी पोहोचेल सांगता येत नाही म्हणाले."

सलाईन लागलं. थेंब पडत राहिले. आकिमनं डोळे उघडले नाहीत.

"हार्ट असेल का?" कोकतोंग आपल्याशीच बोलत होता. "की नुसतं पोटाचं? एवढ्यानं इतकं खाली जाऊ नये. बाबा, आत्याला कुठली औषधं चालू आहेत?"

डॉक्टर बहिणीच्या डोक्याशी उभे होते. त्यांचा हात तिच्या कपाळावर होता.

"गुडघ्याचं. साधं."

"साधं म्हणजे काय, बाबा?" बीकुननं विचारलं.

"वेदनाशामक. रोज घेते. त्याचा याच्याशी काय संबंध?"

ग्योकलान दारात उभी होती. डॉक्टर खोटं बोलले होते, पण घाबरून नव्हते बोलले. त्यांच्या डोळ्यांसमोर बहीण रोजची पुडी घेणारी होती. पुडी घेणाऱ्या बाईला त्या पुडीनं असं होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते लाज झाकायला मोकळे होते. मुलाला पुडीत काय ते माहीत नव्हतं. मुलीला संशय होता, पण आत्यानं ती टाकून दिली हे ठाऊक नव्हतं. दोन्ही गोष्टी त्या घरात एकाच माणसाला माहीत होत्या, आणि दोन्ही न बोलण्याची ग्वाही तिनं दिली होती. एक नवऱ्याला, एक नणंदेला.

त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, ते तिला कळत नव्हतं. नसेल तर नवऱ्याची अब्रू लेकरांसमोर उगाच जाणार होती. ते पुन्हा तिचं तोंड बघणार नव्हते.

"अजून खाली जातंय," कोकतोंग म्हणाला.

"त्यांनी पुडी बंद केलीय," ग्योकलान म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही. ती पुढे आली आणि मोठ्यानं म्हणाली, "अहो, ऐकताय का? वन्संनी पुडी बंद केलीय. घर झाडलं त्या दिवशी टाकून दिल्या सगळ्या. सणात नको म्हणून. आणि बीकुन म्हणाली होती म्हणून."

बीकुनचा हात तोंडावर गेला.

ग्योकलाननं मुलाकडे तोंड वळवलं. नवऱ्याकडे पाहिलं असतं तर शब्द फुटला नसता. "आणि तिच्यात वरच्या फळीवरची ती तपकिरी बाटली आहे ना, तिच्यातली बारकी गोळी असते. रोज. सुरुवातीला एक होती. आता दोन."

"स्टेरॉइड?" कोकतोंगला पटेना. "रोज? किती वर्षं?"

डॉक्टरांचा चेहरा असा झाला होता की ग्योकलानला वाटलं, आता हेही पडतात. पण ते वळले आणि औषधाच्या खोलीकडे धावले. दाराची किल्ली सापडेना. मग त्यांनी खिडकीवरचा लाल कागद दोन्ही हातांनी टराटरा फाडला, फळी सरकवली आणि आत खांद्यापर्यंत हात घालून फ्रीजशेजारचा इमर्जन्सीचा डबा ओढला. डबा उलटला. बाटल्या जमिनीवर गडगडल्या.

"हायड्रोकॉर्टिसोन," ते म्हणाले. "शंभर. सरळ शिरेत दे. माझे हात... तू दे, कोकतोंग, तू दे."

कोकतोंगनं दिलं. बीकुन दुसऱ्या सलाईनची बाटली हातात धरून उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"मी सोड म्हटलं नव्हतं, आई. मी फक्त म्हटलं, नाव नसलेलं... अगं, ते एकदम सोडायचं नसतं. वर्षानुवर्षं स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की अंग ते स्वतः तयार करायचं थांबवतं. मग एकदम तोडलं, आणि वर पोट बिघडलं, की माणूस जातो. मला माहीत असतं तर मी..."

"तुला कसं माहीत असणार?" डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलं असतं तर माहीत असतं."

ते बाकाशेजारी जमिनीवरच बसले. देवळाकडून फटाक्यांची माळ तडतडली आणि थांबली. कोकतोंग पट्टा फुगवत होता, सोडत होता, पुन्हा फुगवत होता. कितीतरी वेळानं तो म्हणाला, "वर येतंय." आणि मग आकिमनं पापण्या उघडल्या आणि छताकडे पाहत, अगदी बारीक आवाजात विचारलं, "मासा संपवला नाहीत ना रे? सणाचा मासा थोडा शिल्लक ठेवायचा असतो."

डॉक्टरांनी तिच्या हातावर डोकं टेकलं. ग्योकलाननं आपल्या नवऱ्याला रडताना पूर्वी पाहिलं नव्हतं. तिला त्यांची कीव आली, आणि त्याच्या दुप्पट राग आला.

"तिला चालताना बघवत नव्हतं," ते कुणाला तरी सांगत होते. "जिन्यावर बसून उतरायची. एका आठवड्यात धावायला लागली. पोरीसारखी. कसं थांबवणार होतो मी?"

"थांबवायला हवं होतं असं म्हणत नाही कुणी," कोकतोंग म्हणाला. "पण मला सांगायचं होतं, बाबा. एका टेबलावर बसतो आपण."

अँब्युलन्स आली तेव्हा शेजारपाजारच्या घरांतून माहेरवाशिणी, जावई, पोरंबाळं हातात वाट्या घेऊन बाहेर आली होती. गाडीतल्या तरुण परिचारकानं स्ट्रेचर आत ढकललं आणि विचारलं, "काय औषधं घेत होत्या?"

कोकतोंगनं वडिलांकडे पाहिलं. बीकुननंही. गल्ली ऐकत होती.

"प्रेडनिसोलोन," डॉक्टर म्हणाले. "दहा वर्षं. रोज. आठवडाभरापूर्वी एकदम बंद झालं."

"दहा वर्षं? कुणी लिहून दिलं?"

"लिहून कुणीच दिलं नाही. मी देत होतो."

कुणीतरी 'अगंबाई' म्हटलं. बीकुन आत्याबरोबर गाडीत चढली, कोकतोंगही मागोमाग चढला, आणि दार लावता लावता बीकुन थबकली.

"बाबा, आत्या एकटीच आहे ना? की आणखी कुणाच्या पुडीत...?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

ग्योकलानच्या डोळ्यांपुढे एकेक हात उभा राहिला, खिडकीतून आत आलेला. लामपोत प्रत्येक जण सण पाळतो. आकिमनं जे केलं ते कुणीही केलं असेल. नसेल केलं तर पुढच्या महिन्यात नियम लागल्यावर पुडी आपोआप बंद होईल, दुकानात चिठ्ठी जाईल, आणि चिठ्ठीत त्या गोळीचं नाव नसेल.

"भाजीवाल्या चुई आजी," ती म्हणाली. "ओंग मास्तर. मासळीवाल्या हाईची आई. सायकलवाला तेंग, पाठीसाठी."

"पोस्टातला म्हातारा ग्वी," डॉक्टर पुढे म्हणाले. "आणि त्याची बायको."

"त्यांना आजच्या आज सांगा," बीकुन म्हणाली. "आई, तू बघ. सोडली असेल तर लगेच दादाला फोन. घेत असतील तर घेऊ देत, एकदम थांबवू नका, आम्ही आल्यावर हळूहळू कमी करू." तिनं वडिलांकडे पाहिलं. आवाज अजून कडक होता, पण हात त्यांच्या बाहीवर गेला. "परवान्याचं नंतर बोलू, बाबा."

"परवान्याचं काय बोलायचंय," डॉक्टर म्हणाले. "तुला तिथं बसायचं असेल तर बस. नुसतं नाव नको मला."

गाडी गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत सायरन ऐकू येत राहिला. लोक आत गेले, काही जण मुद्दाम रेंगाळले.

ग्योकलाननं दवाखान्याचं दार ओढून घेतलं. खिडकीतून तिची खुर्ची दिसत होती, तिच्यावर जुनी उशी. नियम झाला तेव्हापासून तिला वाटत होतं, सरकारनं आपली जागा हिसकावली. आता तिला वाटलं, त्या जागेवर बसून आपण चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात काय जातंय ते न विचारता घड्या घालत राहिलो. तिला स्वतःची शिसारी आली. पण शिसारी घेऊन बसायला वेळ नव्हता.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी?" डॉक्टर म्हणाले. "तू सांग ना. तुझ्याशी बोलतात ते. मी फोन करतो मास्तरांना."

"नाही. तुम्ही चला."

चुई आजीचं घर मागच्या गल्लीत. दाराला नवे लाल कागद, आत लेकी, नातवंडं, हसणं, भांड्यांचा आवाज. दार आजीनंच उघडलं. गालांवर लाली, चेहरा आकिमसारखाच गोल.

"अगंबाई, डॉक्टर! डॉक्टरीणबाई! नवं वर्ष सुखाचं जावो! सणाच्या दिवशी तुमचे पाय लागले! या, या, गोड खा." आणि मग डोळे मिचकावून, "औषधाचं मात्र बोलायचं नाही हं आज. मी पण शहाण्यासारखं सगळं बंद ठेवलंय."

डॉक्टरांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं. पेशंटला काय सांगायचं, कसं घ्यायचं, उपाशीपोटी की जेवून, हे इतकी वर्षं तीच सांगत आली होती. ते लिहायचे आणि ती बोलायची. आताही ती बोलेल म्हणून ते थांबले.

ग्योकलान बोलली नाही. ती एक पाऊल मागे सरकली आणि उभी राहिली.

आतलं हसणं हळूहळू थांबलं. एक लेक आजीच्या मागे येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली.

"चुई," ते म्हणाले, "तुला मी जे देत आलो, त्यात काय आहे ते सांगायला आलोय. आत येऊ का?"